चाळलेली माती

दाऊद गेल्याची खबर मला अकोल्याच्या बाजारात कळली, आणि तीही एका गाडीवानाच्या तोंडून. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. बैलांना पेंड टाकून मी चाकाला टेकून बसलो होतो. पातुराकडचा एक ओळखीचा गाडीवान तंबाखू मागायला आला आणि चुना चोळता चोळता म्हणाला, "पाटील, तुमच्या वळखीचा तो कवेलूवाला मेला म्हणते." मी विचारलं, कोणता कवेलूवाला? तो हसला. "अजी तोच नाई का, दाऊद! नळ्यात माती मोजणारा. ज्याच्या मापानं तळं बांधलं अन् गळून गेलं, तो." बाजूच्या गाडीवरचे दोघंही हसले. एक म्हणाला, "आमची बुढी फुटक्या घागरीले दाऊदची घागर म्हणते." ...मी तिथं बोलायला पाहिजे होतं. तळं का गळलं हे त्या भरल्या बाजारात मला एकट्याला ठाऊक होतं. मी तंबाखूची चंची पुढं केली आणि म्हणालो, "चांगला माणूस होता." एवढंच बोललो. मग गाडी हलली आणि मी कापूस जोखायला पुढं गेलो.

त्याला आज पाच आठवडे झाले. त्या दिवशी जे गिळलं ते वर्तमानपत्राला लिहिलेल्या या पत्रातून सांगणार आहे. माझी शाळा म्हणजे पंतोजीच्या ओट्यावरचे दोन पावसाळे. मोडीत लिहितो, तेही बैलाच्या चालीनं. छापणाऱ्यांनी माझी अक्षरं नीट करावीत, बोलणं नीट करू नये. मी पाटील आहे, माझ्या बोलण्याला आजवर कोणी हात लावलेला नाही... आणि त्यातच सगळं बिघडलं, हे पुढं येईलच.

दाऊदची नि माझी ओळख भांडणातून झाली. आमच्या गावात तेव्हा सगळी घरं गवतानं शाकारलेली. कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर पहिलं माझ्या घरावर चढावं असा माझा हट्ट होता, म्हणून पातुराहून याला बोलावला. उंचनिंच, बारीक, दाढी मेंदीनं लाल केलेली. मी त्याला माझ्या रानात नेलं आणि म्हणालो, हवी तेवढी माती घे, अशी माती साऱ्या वऱ्हाडात सापडायची नाही. त्यानं चिमूटभर उचलली, थुंकी लावून तिची गोळी केली, गोळीवर लोट्यातल्या पाण्याचा एक थेंब सोडला आणि थेंब मुरेपर्यंत तोंडातल्या तोंडात आकडे मोजत बसला. मग म्हणाला, "याचे कवेलू नाई होत पाटील. ही काळी भट्टीत तडकते." मी तापलो. म्हणालो, या मातीची कीर्ती तुला ठाऊक नाही. तर हा म्हणतो, "कीर्ती मालूम हाय. कपाशीले सोनं हाय सोनं. पण पाटील, सून कितीबी गुणाची असली तरी तिले कोणी छपरावर चढवून बसवते काय?" माझे गडी तोंड फिरवून हसले. मीही हसलो, पण मनात ठेवलं. त्यानं नाल्याच्या काठची पिवळी माती काढली, तिचे कवेलू भाजले, घर शाकारलं. त्यानंतर आमच्या घरात पाणी आलं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. तेव्हा मी केलं नव्हतं. दर पावसाळ्यात तो रस्त्यानं जाताना विचारायचा, "काय पाटील, गळते काय?" आणि मी म्हणायचो, "थोडं थोडं." तो थांबायचा, छपराकडे पाहायचा, माझ्याकडे पाहायचा आणि म्हणायचा, "मंग घामच असन तुमचा." अशी आमची दोस्ती होती. त्याच्या घरी ईदेचा शिरखुर्मा मी ओट्यावर बसून खात असे, आणि माझ्याकडच्या हुरड्याला तो आल्याशिवाय आगटी पेटत नसे.

मग अमेरिकेत लढाई लागली. कोण कोणाशी लढत होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या कापसासाठी तोंड वासून बसल्या, एवढं कळलं. माणसं वेडी झाली. ज्वारीची रानं मोडून कपाशी पेरली, गुरांची चराई नांगरली, लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. त्या धामधुमीत अकोल्याला एक साहेब आला. सरकी कोणती पेरावी, तिला पाणी किती लागतं, कुठली माती किती पाणी धरते, हे सगळं तो शोधून काढणार होता. एका जुन्या कापसाच्या कोठारात त्यानं खोली थाटली. लोक तिला मातीखोली म्हणत. साहेबाला भाजलेल्या मातीचे एकसारखे नळे हवे होते, हातभर लांब, मांडीएवढे जाड. ते करायला दाऊदला बोलावलं, आणि नळे पोचवायला गेलेला दाऊद तिथंच राहिला. साहेबानं त्याला गोळीवर थेंब सोडताना पाहिलं असावं.

मी ती खोली पाहायला मुद्दाम गेलो होतो. लाकडी घोडीवर बारा नळे उभे, प्रत्येकाच्या बुडाला मांजरपाटाचं फडकं बांधलेलं, खाली पितळी कटोरा. एका बाजूला सोनाराचा काटा, दुसऱ्या बाजूला पाण्याचं घंगाळ आणि त्यात बुडाला भोक पाडलेली वाटी. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. दाऊद डोक्याला रुमाल बांधून या नळ्याकडून त्या नळ्याकडे जात होता, आणि भट्टीवर आरडाओरडा करणारा हा माणूस तिथं हळू आवाजात बोलत होता.

"काय करून राहिला बे इथं?" मी म्हणालो. "माती मोजून राहिला? माझा बाप ढेकूळ जिभेवर ठेवून सांगे, किती दिवस ओल टिकते ते."

"बरोबर सांगत होते ते," दाऊद म्हणाला. "पण त्यायची जीभ त्यायच्या संगं गेली ना? आता साहेबाले काय दाखवू?" मग त्यानं मला एका नळ्याजवळ बसवलं. "पाटील, देखो. माती पाणी धरते ते एक, अन् पाणी जाऊ देते ते दुसरं. लोक दोन्ही एकच समजते. वाळली माती जोखली, नळ्यात भरली, वरून पाणी टाकलं. खालचं ठिबकणं बंद झालं का पुन्हा जोखली. जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी तिनं धरलं. हे झालं धरणं. आता वर दोन बोटं पाणी कायम उभं ठेवाचं, कमी झालं का टाकाचं, अन् पाहाचं का वाटी एकडाव बुडेपर्यंत खाली किती येते. हे झालं जाणं."

मी विचारलं, आमच्या काळीचं काय? तो हसला. "काळी नखरेवाली हाय. वाळलेली असली का पहिलं पाणी भेगांतून धडधडा सोडते. पाहणाऱ्याले वाटते, हिच्यात काई राहत नाई. अन् एकदा फुगली का असं तोंड मिटते, का थेंब देत नाई. म्हणून पहिला कटोरा म्या मांडतच नाई. माणूस असो का माती असो, पहिल्या भेटीचं माप धरू नाई."

त्या दिवशी परत येताना माझ्या पोटात दुखत होतं, खोटं कशाला सांगू. ज्याला मी कवेलूवाला म्हणत होतो त्याला साहेब पुढं बोलावून विचारत होता, आणि तो सांगेल ते कारकून कागदावर उतरवून घेत होता.

पुढच्या साली साहेबानं ठरवलं की नव्या सरकीच्या रानांना पाणी द्यायला एक तळं बांधायचं. जागा दोन निघाल्या, एक आमच्या शिवारातली, एक खालच्या गावची, भिवसन पाटलाच्या शिवारातली. भिवसनचं नि माझं पोळ्याच्या मानावरून तीन पिढ्यांचं वाकडं. तळं त्याच्याकडे गेलं असतं तर मला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. दाऊद घोड्यावर बसून आमच्याकडे आला. त्याच्याकडे तेव्हा पंधरा गावांच्या मात्या पडल्या होत्या आणि साहेबाला उन्हाळ्याच्या आत जवाब हवा होता. ओट्यावर बसून त्यानं मला तीन-तीनदा समजावलं. तळ्याच्या जागी खड्डा घ्या. पहिल्या हातभर खोलीची माती एका टोपलीत, दुसऱ्या हाताची दुसरीत, तिसऱ्या हाताची तिसरीत. "अन् पाटील, जशी निघते तशी आणा. ढेकळासगट, खड्यासगट, मुळीसगट. हात लावू नका."

मी म्हणालो, "मले शिकवतो काय माती काढाले?"

"शिकवत नाई बाप्पा. म्याच येऊन खणलं असतं."

"माह्या रानात तू खणशीन? गाव काय म्हणन, पाटलाच्या हातानं कुदळ उचलत नाई?"

तो हसला आणि गेला. माझ्या शब्दावर गेला.

आता आमच्या घरची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या घरातून जे बाहेर जाईल ते पाखडून जाईल. दाणा असो, डाळ असो, शेजारी मूठभर सरकी मागायला येवो, खडा-कचरा असलेली वस्तू आमच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. माझ्या आईनं एकदा भिकाऱ्याला द्यायचे जोंधळे सुपात घेऊन निवडले होते. मी खड्डा घेतला. पहिला हात लोण्यासारखा निघाला. दुसरा हात जरा पांढुरका. तिसऱ्या हाताला पहार खण्णकन वाजली... चुनखडी. सुपारीएवढे, आवळ्याएवढे खडे, आणि मधेमधे माती. टोपली भरली तर माती कमी आणि खडेच जास्त दिसत होते. ती टोपली मी अंगणात आणली आणि माझ्याच्यानं पाहवेना. ही साहेबाच्या काट्यावर जाणार? भिवसनची माणसं ही पाहणार?

मी सूप घेऊन बसलो. आमची कारभारीण भाकरी थापत होती, ती बाहेर आली. "काय करून राहिले तुमी? दाऊदभाई तर सांगून गेले ना, हात लावू नका म्हणून."

"पोरगी पाहाले पावणे आले तर तिले शेणाच्या हातानं पुढं आणतो काय आपण?" मी म्हणालो. "चाळण आण."

"पोरगी खोडीची असली तर सांगा लागते," ती म्हणाली, "नाईतर दुसऱ्याचं घर बुडते." पण चाळण आणून दिली. मी एकेक खडा वेचला. खडे काढल्यावर टोपली निम्मी राहिली. मग वरच्या रानातली चांगली काळी आणून ती भरली. मला तेव्हा वाटलंही नाही की मी खोटं करत आहे. मी माझ्या मातीची इज्जत राखत होतो. अकोल्याला टोपल्या उतरवल्या तेव्हा दाऊदनं तिसरीत हात घातला, बोटांतून माती गाळली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाटील, हिच्यात खडा नाई?"

"आमच्या रानात खडा नाई."

"तीन हात खाली गेले तरी?"

"मले खोटा म्हणतो काय?"

तो एवढंच म्हणाला, "तौबा," आणि नळा भरायला घेतला.

चाळलेली माती नळ्यात फुगली आणि दगडासारखी बसली. तीन दिवस वर पाणी उभं होतं, खालचा कटोरा कोरडा होता. भिवसनच्या मातीत खडे होते, त्यानं जशी होती तशी दिली होती, तिचा कटोरा ठिबकत राहिला. साहेब खूश झाला. तळं आम्हाला मिळालं. मी गावात गूळ वाटला. भिवसन रस्त्यात भेटला तर मी म्हणालो, "तुमची माती गाळणी हाय म्हणते." त्याचं तोंड पाहून मला जे सुख झालं, ते अजून आठवतं आणि अंगावर काटा येतो.

बेलदारांनी उन्हाळाभर काम केलं. पाळ बांधली, दगड लावला. त्या साली पाऊस भरपूर झाला, तळं काठोकाठ भरलं. साहेबाचे लोक येऊन पाहून गेले. पोळ्याचे बैल मी तळ्याच्या पाण्यात धुतले, भिवसनच्या गावाला दिसतील असे. मग पाऊस उघडला, आणि पाणी उतरायला लागलं. आठ दिवसांत हातभर. पुढच्या आठ दिवसांत अजून दीड हात. पाळीतून गळत नव्हतं, कुठून जात होतं कळत नव्हतं. मला कळत होतं. दसऱ्याला मधोमध डबकं उरलं आणि दिवाळीला तळ फाटून उघडा पडला. साहेबाच्या रानातली नवी सरकी बोंडं धरायच्या आत वाळली. खाली, अर्ध्या कोसावर, भिवसनच्या एका पडक्या विहिरीला मात्र त्या साली कधी नव्हे ते पाणी चढलं होतं.

चौकशी आमच्या चावडीवर झाली. साहेब खुर्चीवर, शेजारी त्याचा शिरस्तेदार, समोर दोन्ही गावं. दाऊद आदल्या दिवशीच येऊन तळात उतरला होता आणि स्वतः खणून त्यानं एक टोपली आणली होती. ती त्यानं साहेबासमोर उपडी केली. चुनखडी खडखडत चावडीभर पांगली. "साहेब, हा थर तिसऱ्या हाताले हाय. पाणी याच्यातून आडवं जाते. हा माह्या नळ्यात आलाच नाई." शिरस्तेदारानं साहेबाचं बोलणं मराठीत सांगितलं, ते सरळ होतं. मापणारा म्हणतो माती बदलली, मग नळा खोटा की पाटील खोटा?

सगळी चावडी माझ्याकडे पाहू लागली. माझा मुलगा, माझे भाऊबंद, भिवसन. मी म्हणालो, "जशी निघाली तशी दिली."

दाऊद माझ्यासमोर आला. रागानं त्याची दाढी हलत होती. त्यानं तळातल्या मातीची मूठ भरली आणि माझ्यापुढं धरली. "मंग हे खडे काय आभाळातून पडले? पाटील, ही तुमची भुई हाय. हिच्यावर हात ठेवून सांगा."

आमच्याकडे भुईची शपथ कोणी खोटी घेत नाही. पोराची घेतील, देवाची घेतील, पण भुईची नाही. सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं ती मागितली. ...मी हात ठेवला. "जशी निघाली तशी दिली."

साहेबानं शिरस्तेदाराला खूण केली आणि दाऊदचं नाव मातीखोलीतून कमी झालं. त्यानं मूठ उघडून माती खाली टाकली, हात झाडले आणि मला म्हणाला, "नळा खोटं बोलत नाई, पाटील. जे भरलं तेच सांगते. तुमी काय भरलं ते तुमाले मालूम." मग तो पायी निघाला. घोडा सरकारी होता.

घरी आलो तर कारभारीण दारात उभी. "चाळण घासून ठेवली म्या," ती म्हणाली. "तुमचं काय घासू?" मी तिच्यावर ओरडलो. तिनं त्यानंतर तो विषय काढला नाही, आणि माझ्या ताटात वाढताना माझ्याकडे पाहिलंही नाही, कित्येक महिने.

दाऊद परत कवेलू भाजायला लागला, पण घेणार कोण? ज्याच्या मापानं तळं गळलं त्याचे कवेलू गळणारच, असं लोक म्हणत. तळ्याला दाऊदचं तळं हे नाव पडलं. खेड्यातली पोरंसोरं त्याच्या गाढवामागे "गळलं रे गळलं" म्हणून धावत. मी ते पाहिलं आहे. पोरांना दटावलंही आहे, आणि लोक म्हणाले, पाटलाचं मन मोठं. दोन सालांमागं पातुराच्या बाजारात तो समोरासमोर आला. बाजूला व्हायला वाट नव्हती. "कसं काय दाऊद?" मी म्हणालो. तो म्हणाला, "ठीक हाय." आज सांगून टाकू, असं माझ्या ओठावर आलं होतं, आणि तोंडातून निघालं, "औंदा कवेलूचा भाव काय?" त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमाले काय कराचं? तुमच्या घराले अजून वीस सालं कवेलू लागत नाई." हे आमचं शेवटचं बोलणं.

आता अमेरिकेतली लढाई संपली, कापूस उतरला, बैलांच्या शेंब्या निघाल्या. साहेब बदलून कुठं गेला देव जाणे. मातीखोलीत परत रुईचे गठ्ठे भरतात. सगळं जसंच्या तसं झालं, एक माणूस तेवढा वाया गेला.

बाजारातून आलो त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी मी गाव चावडीवर बोलावलं आणि जिथं शपथ घेतली होती तिथं उभा राहून सगळं सांगितलं, सुपापासून वरच्या रानातल्या मातीपर्यंत. सांगून झालं आणि मी लोकांकडे पाहिलं. वाटलं, कोणी थुंकेल, कोणी उठून जाईल. माझा चुलतभाऊ उठला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गावाला म्हणाला, "पाहा, याले म्हणते पाटील. मेलेल्या दोस्ताचा दोष आपल्या आंगावर घेऊन राहिला." लोकांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले. मी ओरडलो, "अबे, खरं सांगून राहिलो मी!" तर भिवसन, तीन पिढ्यांचा वैरी, तो म्हणाला, "जाऊ द्या पाटील. भुईची आण तुमी खोटी घेसान काय? आमाले कळत नाई काय?" ...माझं खोटं त्यांनी एका शब्दावर खरं मानलं, आणि माझं खरं त्यांना पटेना. माझी पत वाढली. लोक आता वाटेत वाकून रामराम करतात.

म्हणून हे छापायला देत आहे. छापलेलं तरी लोक खरं मानतात की नाही पाहू. कारभारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जितेपणी एक शब्द बोलले असते तर एवढी शाई लागली नसती."

परवा पातुराला गेलो. दाऊदची बायको, अमीनाभाभी, ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं उठून सुतळीची खाट टाकली, पाणी दिलं. मी म्हणालो, "भाभी, तळ्याची माती मी चाळली होती." ती म्हणाली, "मालूम हाय. ज्या दिवशी पायी आले त्याच दिवशी सांगितलं त्यायनं." आणि परत तांदूळ निवडू लागली. मग तीच म्हणाली, "पाठीमागं चला. तुमची वस्तू हाय तिथं."

मागं भट्टीजवळच्या छपरीत तीन विटांवर एक नळा उभा होता. बुडाला फडकं, खाली कटोरा, शेजारी पाण्याचा टोप आणि त्यात भोक पाडलेली नारळाची नरोटी. आत माती, वरून दिसत होती, पांढऱ्या खड्यांनी भरलेली. माझ्या शिवारातली. शेजारच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत कोळशाच्या रेघा होत्या, रांगेनं, एकीखाली एक, हात पोचेल तिथपर्यंत.

"चार बरसाती झाल्या," भाभी म्हणाली. "रोज सकाळी एक लोटा टाकत. कटोरा भरेपर्यंत नरोटी कितीडाव बुडाली, तेवढ्या रेघा. ताप असला तरी उठत. म्या म्हणे, कावून करता? कोण येऊन राहिलं पाहाले? तर म्हणत, कोणी आलं नाई म्हणून माप बदलते काय?" तिनं भिंतीकडे बोट केलं. "गेले त्या सकाळचीबी रेघ हाय. ते पाहा."

मी पाहिली. मग मी विचारलं, एक लोटा टाकू का? तिनं मान डोलावली. मी पाणी ओतलं. ते खड्यांवर क्षणभर थरथरलं आणि आत गेलं, जसं आमच्या तळ्यातून गेलं होतं. मी खाली बसेपर्यंत फडक्यातून धार लागली. कोणालाही दिसलं असतं, मोजायचीही गरज नव्हती. तरी मी मोजलं. नरोटी दोनदा बुडाली आणि कटोरा भरला.

कोनाड्यात कोळसा होता. तो घेऊन मी भिंतीपाशी गेलो, त्याच्या शेवटच्या रेघेशेजारी जागा पाहिली.

"नाई पाटील," भाभी मागून म्हणाली. "पाणी टाका. पुन्हा आले तर पुन्हा टाका. रेघ नका काढू."

"कावून, भाभी? खरंच मोजलं मी."

"मोजलं असन," ती म्हणाली. "पण या भिंतीवर कोणाच्या शब्दावर काढलेली एकबी रेघ नाई. म्या पाह्यलं नाई तुमी कितीडाव मोजलं ते."

मी कोळसा कोनाड्यात ठेवला. तिनं भरलेला कटोरा उचलला, पाणी मेंदीच्या झाडाला घातलं, कटोरा पदरानं कोरडा पुसला आणि परत नळ्याखाली ठेवला.